गोठ्याला गुण

परीक्षकाच्या हाती जो गुणतक्ता ठेवतात त्यातले रकाने ठरलेले असतात: कल्पकता, टापटीप, रोषणाई, सामाजिक संदेश. गणेश मंडळांच्या आराशीला हेच, दिवाळीत पोरांच्या किल्ल्यांना हेच आणि डिसेंबरात नाताळच्या गोठ्यांनाही हेच. लंडन-न्यूयॉर्कच्या दुकानांत काचेआड नाताळचे देखावे मांडण्याची चढाओढ असते. आपल्याकडे चुरस लागते ती गोठ्यांची आणि चांदण्यांची. गोव्यात आणि वसईत ती जोरात, नगरकडे चर्चच्या आवारापुरती.

एका अर्थी नगरच्या प्रॉटेस्टंट परंपरेला या सजावटीचं वावडंच असायला हवं होतं. 1831 मध्ये इथे अमेरिकन मराठी मिशनचं काम सुरू झालं. त्याला पाठवणारं मंडळ बोस्टनचं, प्युरिटनांच्या वारशातलं. त्याच मॅसॅच्युसेट्समध्ये 1659 साली नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड करणारा कायदा झाला होता. तो 1681 साली उठला, पण नाताळची अधिकृत सुट्टी मिळायला तिथे 1856 साल उजाडलं. म्हणजे हे मिशनरी नगरला पोचले तेव्हा त्यांच्या गावी 25 डिसेंबरला सरकारी सुट्टीसुद्धा नव्हती. मग इथली रोषणाई आली कुठून? गोठ्याची रीत कॅथलिकांची, हे खरं. पण पुठ्ठा कापणारा, झिरमिळ्या चिकटवणारा, चांदणीत दिवा सोडणारा हात मखरावर आणि आकाशकंदिलावर तयार झालेला आहे. नगरमध्ये राहिलेल्या ना. वा. टिळकांनी ख्रिस्ती उपासनेत भजन-कीर्तन रुजवलं ते विचारपूर्वक. सजावटीचं काम शेजाराने करून टाकलं, कुणाला न विचारता.

अशा सजावटीला गुण द्यायचे म्हणजे काय करायचं? पहिल्या गोठ्यापाशी परीक्षक हात आखडता घेतो, पुढे याहून सरस काही असेल या हिशेबाने. ब्रसेल्सच्या क्वीन एलिझाबेथ पियानो स्पर्धेत वाजवण्याचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरतो, तरीही उशिरा वाजवणारे वर चढतात, असं दोन अर्थशास्त्रज्ञांनी 2003 मध्ये दाखवून दिलं. तिथे जाणकारांचं हे होतं, तर चहा-बिस्किटांच्या मध्ये शेरे लिहिणाऱ्या आमच्यासारख्यांचं काय सांगावं! पण मला याहून मोठी अडचण दुसरी वाटते. गुण जे मोजतात ते पुढच्या वर्षी पिकतं. एका वर्षी पाण्याचं कारंजं जिंकलं की पुढच्या वर्षी बेथलेहेमात कारंजीच कारंजी!

गोठ्याची प्रथा ज्याच्या नावावर आहे त्या असिसीच्या फ्रान्सिसने 1223 साली इटलीतल्या ग्रेच्चो गावी काय मांडलं होतं? गव्हाणी, गवत, जिवंत बैल आणि गाढव. बस्स. लूकच्या शुभवर्तमानात तर बैल आणि गाढवही नाहीत, गव्हाणी तेवढी आहे. फ्रान्सिसला लोकांना त्या रात्रीची गैरसोय डोळ्यांनी दाखवायची होती. आमच्या तक्त्यात गैरसोयीला रकाना नाही.

आणि नगर जिल्ह्यात ती दाखवायला मांडणीची गरजच काय? नाताळ येतो तो ऐन गळीत हंगामात. प्रवरानगरला 1950 मध्ये सहकारी कारखान्याचं पहिलं गाळप झालं, त्याच्याही आधीपासून हरेगावला बेलापूर कंपनीचा कारखाना होता. तेच हरेगाव आज मतमाउलीच्या, म्हणजे मरियामातेच्या, यात्रेसाठी ओळखलं जातं. डिसेंबरात कारखान्यांभोवती ऊसतोड टोळ्यांच्या कोपी उभ्या असतात, बीडकडच्या माणसांच्या. इकडे पाथर्डी-शेवगावची माणसंही घराला कुलूप लावून कुठल्या तरी फडावर गेलेली असतात. मुकादमाची उचल घेतलेली, म्हणून दिवस भरत आलेली बाईसुद्धा मोळ्या वाहते. मूल कोपीत जन्मतं. बाहेर बैल वाढे चघळत उभे असतात.

हे कुणाच्याही डोक्यात येण्याजोगं आहे आणि पोरांच्या येतंही. वाढ्यांनी शाकारलेली कोप, शेजारी कोयता, आत बाळ. पहिल्यांदा असा गोठा पाहिला की परीक्षक गप्प होतो आणि ‘सामाजिक संदेश’मध्ये पैकीच्या पैकी देतो. तिथेच गोची होते. पुढच्या वर्षी तीन कोपी, त्यात एक एलईडी लावलेली. कोयत्याला चंदेरी कागद. खऱ्या कोपीतली माणसं तेव्हा पाच-सात किलोमीटरवर फडात असतात आणि हा देखावा बघायला त्यांना कुणी बोलावलेलं नसतं.

स्पर्धा बंद करा, असं माझं म्हणणं नाही. तिच्यामुळे आळीतली पोरं आठ-दहा रात्री एकत्र जागतात, हिंदू-मुसलमान शेजारी चर्चच्या फाटकातून आत येतात, भांडलेले दोन भाऊ एकाच दोऱ्याला गाठ मारतात. या गोष्टी तक्त्यात बसत नाहीत, म्हणून तर अजून शाबूत आहेत. मी हल्ली ‘सामाजिक संदेश’च्या रकान्यात सगळ्यांना सारखेच गुण देतो आणि निकाल कारागिरीवर लावतो: बांबू नीट बांधला आहे का, वायरी उघड्या तर नाहीत, गवताजवळ मेणबत्ती तर नाही. संयोजक कुरकुरतात. मग रकाना काढूनच टाका, असं मी सुचवलं. त्यावर त्यांनी सांगितलं की बक्षिसाचा प्रायोजक त्याच रकान्यासाठी पैसे देतो.