मजुरास धांवण्याची मनाई

शर्यतींत कोणास घ्यावें हें ठरविण्याचा अधिकार शर्यत भरविणारास असतो, यांत संशय नाहीं. परंतु तो अधिकार न्यायानें चालला कीं नाहीं, हें कशावरून ओळखावें? गेल्या नाताळांत तुळजापुराजवळच्या एका मंडळींत हा प्रश्न आमच्यापुढें उभा राहिला.

इंग्लंडांत व्हिक्टोरिया राणीच्या कारकीर्दींत, सन १८६६ मध्यें, लंडन येथें हौशी धांवपटूंचे अजिंक्यपदाचे सामने सुरू झाले. भरविणारे बहुतेक ऑक्सफर्ड व केंब्रिज येथें शिकलेले गृहस्थ होते. पैशासाठीं धांवणारास घेऊं नये, हा त्यांचा नियम समजण्यासारखा आहे. पैजेच्या शर्यतींत लबाडी फार चाले. पण त्यांच्या नियमांत आणखी एक कलम असे: कारागीर, यंत्रावर काम करणारा व मजूर हा हौशी गणला जाणार नाहीं, मग त्यानें जन्मांत एक पैसाही बक्षीस घेतलेलें नसो. समर्थन असें कीं, मेहनतीनें मजुराचें अंग कसलेलें असतें, सबब सामना बरोबरीचा होत नाहीं. पण ज्यास दोन्ही वेळ पोटभर अन्न मिळतें आणि सरावास दुपार मोकळी असते, त्याचा लाभ कोणीं मोजला? (आपल्या गांवीं पाणवठ्याविषयीं अशींच सोंवळीं कारणें देत असत, वाचकांस तीं सांगावयास नकोत.) सन १८८० च्या एप्रिलांत ऑक्सफर्ड येथें नवी संस्था निघाली, तिनें तें कलम ठेविलें नाहीं, व ३ जुलै रोजीं लिली ब्रिज येथील सामन्यांत मजुरांसही वाट मोकळी झाली.

सन १९१९ मध्यें पुण्यास डेक्कन जिमखान्याच्या सामन्यांत दोराबजी टाटा यांनीं खेड्यांतील शेतकऱ्यांचीं मुलें अनवाणी धांवतांना पाहिलीं. पुढल्या वर्षीं अँटवर्पच्या ऑलिंपिकास हिंदी खेळाडू गेले, व बेळगांवचे फडेप्पा चौगुले मॅरॅथॉनमध्यें एकोणिसावे आले. लंडनच्या त्या कलमाखालीं शेतांत राबणाऱ्या मुलांस दाराशींच थांबविलें असतें.

आतां आमची गोष्ट. शब्बाथशाळेच्या पटावर वर्षांत चाळीस रविवारांची हजेरी असेल त्यानेंच नाताळच्या शर्यतींत धांवावें, हा नियम आम्हींच सुचविला होता. ऊसतोडीवर गेलेल्या घरांतला एक मुलगा दोन दिवसांसाठीं परत आला होता. तो रेघेवर येऊन उभा राहिला. आम्हीं त्यास नियम वाचून दाखविला. तो कांहीं बोलला नाहीं. इतर मुलांच्या चपला सांभाळीत बसला. परततांना उपदेशकांनीं विचारलें, "पाळकसाहेब, फडावर शब्बाथशाळा कोठें भरते?"

लंडनच्या गृहस्थांनीं मजूर हा शब्द तरी लिहिला होता. आमच्या नियमांत तो नव्हता, आणि तरी वगळला गेला तो मजूरच. हेतु शुद्ध होता म्हणून आमचा दोष थोडा कमी होत असेल. त्या मुलाचें दुःख तिळभरही कमी होत नाहीं. कांहीं बंधु म्हणतात, नियम काढला तर हजेरी कशी टिकेल? त्यांत तथ्य आहे. हजेरीस वेगळें बक्षीस ठेवावें; शर्यतीच्या रेघेवर पट आणूं नये. पौलानें करिंथकरांस शर्यतीचा दाखला दिला, त्यांत बक्षीस एकासच असलें तरी धांवण्याची मोकळीक सर्वांस गृहीत आहे.

पंचांच्या येत्या सभेंत नियम काढण्याची सूचना आम्ही मांडणार आहों. मुलगा पुन्हां फडावर गेला आहे. गाळप आटोपून तो परत आल्यावर, पाडव्यानंतर, पुन्हां एक शर्यत भरवितां येईल कीं काय, याची चौकशी चालली आहे.