पिंजऱ्यातील पावसाळा

जे आपल्यावर कधीच प्रेम करणार नाही, त्याचा सांभाळ माणसाने कशासाठी करावा? प्रश्न सेमिनरीतील तत्त्वज्ञानाच्या वर्गातला वाटतो खरा. परंतु आमच्या धर्मग्रामातील काही घरांच्या पडवीत तो आज तारेच्या पिंजऱ्यात टांगलेला आहे. झेब्रा फिंच नावाचे हे पाखरू अवघ्या बारा-एक ग्रॅमचे. चोच लालबुंद, नराच्या गालावर नारिंगी ठिपका, छातीवर काळ्या बारीक रेघा. कुत्रा दारात वाट पाहतो, पोपट नाव घेतो. हे पाखरू मात्र वर्षानुवर्षे दाणे घालणाऱ्या हातालाही बिचकते. त्याला सोबत हवी असते ती आपल्या जातीची. आमची नव्हे.

मुलांचा विरस होतो तो येथेच, आणि हळूहळू पिंजऱ्याची साफसफाई आजीकडे येते.

मग त्याचे गाणे तरी आमच्यासाठी असते काय? गातो तो केवळ नर. आयुष्याच्या पहिल्या तीन महिन्यांत तो हे गाणे बहुधा आपल्या बापाकडून उचलतो. क्लाउस इमेलमान या जर्मन संशोधकाने १९६० च्या दशकात झेब्रा फिंचची पिले दुसऱ्या जातीच्या फिंचकडे वाढवली, तेव्हा त्यांनी पालक बापाचेच गाणे आत्मसात केले. मादीसमोर नर जे गातो ते अधिक रेखीव असते. एकटा असतानाही तो गातो, पण ते किंचित सैल असते. ऑस्ट्रेलियात मिलेन मारिएट व कॅथरीन ब्यूकॅनन यांनी २०१६ साली दाखवून दिले की, उष्मा वाढला म्हणजे ही पाखरे अंड्यातल्या पिलालाही विशिष्ट साद घालतात, आणि त्या सादेचा पिलाच्या वाढीवर परिणाम होतो. एवढा मोठा संवाद आमच्या खिडकीशी चाललेला असतो आणि आम्ही म्हणतो, ‘बघा, किती खुशीत आहे!’ त्या गाण्याला स्तुतिगीत म्हणण्याचा मोह तर धर्मगुरूला अधिकच होतो. एकटा ठेवलेला नर गातो म्हणून तो सुखी आहे, हा निष्कर्ष मात्र आमच्या सोयीचा आहे.

याहून गंभीर गोष्ट पावसाची. या पाखराचे मूळ घर ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागात. तेथे पावसाचा भरवसा नाही. पाऊस झाला, गवताला दाणा धरला, की थवेच्या थवे घरटी बांधतात, दुष्काळात थांबतात. आमच्या पिंजऱ्यात रोज ताजे पाणी, रोज राळ्याचे दाणे, वर कोपऱ्यात टांगलेले मडके. त्या इवल्या देहाला वाटते, पाऊस सरलेलाच नाही. मादी चार-सहा अंडी घालते, नर-मादी आळीपाळीने बारा-चौदा दिवस उबवतात, आणि पहिली पिले पुरती मोठी होण्याआधीच दुसरी अंडी येतात. मग तिसरी. मादीच्या हाडांतला चुना उणा होत जातो. एखादे दिवशी अंडे अडते आणि ती पिसे फुगवून तळाशी बसून राहते. मालक कळवळून विचारतो, ‘फादर, मी हिला काय कमी केले होते?’

काहीच कमी केले नव्हते, हेच तिचे दुखणे.

जाणता पाळणारा समुद्रफेसाचा तुकडा तारेला अडकवतो, हे झालेच. पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे तो काही महिने मडके उतरवून ठेवतो. पाखराच्या हिताचा दुष्काळ त्याला स्वतःच व्हावे लागते. आम्ही माया मोजतो ती देण्यावरून. हात आखडता घेण्यातही माया असू शकते, हे मान्य करणे जड जाते (आणि हे केवळ पाखरांच्या बाबतीतच, असेही नाही). उत्पत्तीच्या पुस्तकात मानवाला सृष्टीवर सत्ता दिली, हे आम्ही तत्परतेने सांगतो. प्राण्यांना नावे देण्याचे कामही त्याच्याकडे आले होते, हे विसरतो. नाव द्यायचे तर आधी नीट पाहावे लागते.

काही सज्जन म्हणतात, दारच उघडा ना! आपल्या रानातली मुनिया पकडून कोंडलेली असती, तर ते योग्य ठरले असते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचा रोखही तिच्या रक्षणाकडेच आहे. परंतु ऑस्ट्रेलियाने १९६० मध्येच देशी पक्ष्यांची व्यापारी निर्यात बंद केली. आमच्या पडवीतले पाखरू पिंजऱ्यात जन्मलेल्यांच्या अनेक पिढ्यांनंतरचे. त्याने कावळा ओळखलेला नाही, कोकणातला आषाढ सोसलेला नाही. त्याला सोडून देणे म्हणजे पिलाताप्रमाणे हात धुणे होय. मोकळे होते ते आमचे मन.

म्हणून तो पिंजरा न्याय्य ठरतो, असेही आम्हांस वाटत नाही. बंदिवासात जन्मलेल्याला सांभाळणे हे कर्तव्य. बंदिवासासाठी आणखी जीव जन्माला घालणे ही निराळी गोष्ट. ज्यांच्या घरी पाखरे नाहीत, त्यांनी ती आणलीच पाहिजेत असे काही नाही. ज्यांच्याकडे आहेत, त्यांनी एकट्याला एकटे ठेवू नये, आणि पिंजरा उंचीपेक्षा लांबीला मोठा घ्यावा. कारण हे पाखरू आडवे उडते. आणि मडक्यातली पिले स्वतः दाणे टिपू लागली, की ते उतरवून माळ्यावर ठेवावे.