ढोंग

खोटं बोलू नये, हे आपल्याला शाळेत शिकवतात. कीटकांना शाळा नसते. आंबोलीच्या जंगलात शेकरू शोधता शोधता आम्हाला एक वाळकं पान दिसलं. मधल्या शिरेसकट अगदी हुबेहूब पान. ते उडालं आणि आतून निळं, फिकट पट्ट्याचं फुलपाखरू निघालं! शेजारच्या फांदीवर प्रार्थनाकीटक हात जोडून बसलेला. भक्तीसाठी नव्हे, न्याहारीसाठी. म्हटलं तर दोघेही ढोंगी. पण एकाचं ढोंग जीव वाचवायला, दुसऱ्याचं जीव घ्यायला. पहिलं आपण माफ करू. साहेब आले की आपणही फायलीमागे वाळकं पान होतोच की! पण बढतीच्या दिवसांत त्याच साहेबांपुढे हात आपोआप जोडले जातात, तेव्हा आपण दोघांपैकी कोण, हे ज्याचं त्यानं ठरवावं.