वाटेत थांबणारा

मननासाठी शास्त्रभाग : लूक १०:२५-३७



उत्तरेस श्रीनगरापासून दक्षिणेस कन्याकुमारीपर्यंत आपल्या देशात एक राजमार्ग जातो. त्याचा क्रमांक ४४ असून लांबी सुमारे ४,००० किलोमीटर आहे. भारतात त्याहून लांब राष्ट्रीय महामार्ग नाही. मिरजेजवळून जाणारा रत्नागिरी-नागपूर महामार्ग सोलापूर, तुळजापूर, नांदेड, यवतमाळ व वर्धा ह्या वाटेने नागपुरास पोचतो व तेथे ह्या मोठ्या मार्गास मिळतो. म्हणजे आपल्या शिवाराजवळून निघालेला मनुष्य देशाचे कोणतेही टोक गाठू शकतो.

प्रभूने ज्या वाटेचा दृष्टान्त सांगितला, ती एवढी लांब नव्हती. यरुशलेमेहून यरीहोस जाणारी ती वाट ३० किलोमीटरही नसेल. मात्र तेवढ्यात ती सुमारे १,००० मीटर खाली उतरते व ओसाड डोंगरांतून जाते. तेथे एक मनुष्य अर्धमेला पडला आणि तिघांच्या अंतःकरणांची परीक्षा झाली. याजक आला, लेवी आला. दोघांनी पाहिले आणि दोघेही पलीकडच्या बाजूने निघून गेले. त्यांना वाट ठाऊक होती, शास्त्रही ठाऊक होते. थांबला तो शोमरोनी, ज्याच्याशी यहूदी लोक संबंध ठेवीत नसत. त्याने जखमी मनुष्यास जात विचारली नाही.

ही गोष्ट फार जुन्या काळची, असे कोणी म्हणू नये. २०२२ साली भारतातील रस्त्यांवर अपघातांत १,६८,४९१ माणसे मरण पावली. राष्ट्रीय महामार्ग हे देशातील सर्व रस्त्यांच्या सुमारे २ टक्केच आहेत. तरी त्या मृत्यूंपैकी सुमारे ३६ टक्के मृत्यू त्यांवर झाले. रस्ता रुंद झाला की वेग वाढतो, आणि वेगात शेजारी दिसेनासा होतो.

पुष्कळ जण निर्दय असतात म्हणून नव्हे, तर भितात म्हणून थांबत नाहीत. पोलीस चौकी, साक्ष, कोर्टाचे हेलपाटे हे सारे त्यांच्या डोळ्यांपुढे उभे राहते. बंधूंनो, ही भीती आता सोडावी. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने मदत करणाऱ्याच्या रक्षणाचे नियम बंधनकारक केले, आणि २०१९ साली मोटार वाहन कायद्यात त्यासाठी कलम १३४-अ घालण्यात आले. सद्भावनेने मदत करणाऱ्यावर नाव व पत्ता सांगण्याची सक्ती पोलिसांस करिता येत नाही. आणि नवल हे की, कायद्याने अशा मनुष्यास जे नाव दिले आहे, ते ह्याच दृष्टान्तातील शोमरोन्याचे!

परंतु कायदा भीती दूर करील; कळवळा तो कोठून देणार? तो देवाजवळच मागितला पाहिजे.

मिरजेत डॉ. वॉनलेस यांनी १८९४ साली मिशन दवाखाना उघडला. दृष्टान्तातील उतारशाळेप्रमाणे दवाखाना हे मोठे देणे आहे. तरी वाटेवर पडलेला मनुष्य आपल्या पायांनी तेथे जाऊ शकत नाही. मधले अंतर दुसऱ्या कोणास तरी चालावे लागते.

म्हणून उपदेशक बंधूंनी आपापल्या मंडळीत इतके तरी शिकवावे : अपघात दिसताच १०८ ह्या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, वाहत्या रक्तावर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावे, बेशुद्धाच्या तोंडात पाणी घालू नये, मान व पाठ उगाच हलवू नये, आणि मदत येईपर्यंत त्यास एकटे सोडू नये. तेल, द्राक्षारस व दोन नाणी हे त्या शोमरोन्याजवळ होते. ते त्याने दिले.

चार हजार किलोमीटरांचा मार्ग सरकार बांधू शकते. रस्त्याच्या ह्या कडेपासून त्या कडेपर्यंतची दहा पावले मात्र ज्याची त्यानेच टाकावयाची आहेत. हे प्रभो, घाईच्या वेळी आमचे पाय थांबीव, आणि ज्यास आम्ही ओळखत नाही त्यातही शेजारी ओळखावयास आम्हांस शिकीव. आमेन.