रेडिओग्राममधला ब्रह्मपदार्थ

सासऱ्यांचा फिलिप्सचा रेडिओग्राम दुरुस्त करायचा की नवी सिस्टिम आणायची, हा वाद आमच्याकडे दिवाळीपासून चालू आहे. मुलाचं म्हणणं, "आई, याच्या निम्म्या खर्चात ब्लूटूथवाला नवा येतो, वर वॉरंटी." आमचे दीर मात्र "त्या आवाजात आत्मा आहे" म्हणून अडून बसलेत. जन्मभर पाली शिकवलेल्या बाईपुढे आत्म्याचं नाव काढू नये, हे त्यांना एव्हाना कळायला हवं होतं.

तापकीर गल्लीतल्या दुरुस्तीवाल्यांनी माझ्यासमोर चासी उपडी केली. कागदी कंडेन्सर सगळे गेलेले. त्यातला एक डीसी गळत होता, त्यामुळे पुढचा ईएल 84 व्हॉल्व्ह तापून लाल व्हायचा. फिल्टरचे कंडेन्सर सुकलेले, म्हणून गाण्याखाली 100 हर्ट्झची अखंड गुणगुण. शिवाय काही रेझिस्टन्स, सुई, चकती फिरवणाऱ्या चाकाचं रबर. यादी लांबतच गेली.

"अहो, मग यात जुनं राहणार काय?"

त्यांनी स्क्रूड्रायव्हरनं आउटपुट ट्रान्सफॉर्मरवर टकटक केलं. "हा, मॅडम. ह्याला हात लावायचा नाही. आवाज ह्याचा."

मला पुरीचा जगन्नाथ आठवला. नवकलेवराच्या वर्षी, शेवटचं 2015 साली झालं, कडुनिंबाच्या नव्या मूर्ती घडवतात. मग डोळ्यांवर पट्टी बांधलेले दैतापती सेवक जुन्या मूर्तीतला ब्रह्मपदार्थ नव्या मूर्तीत ठेवतात. तो काय आहे, हे पाहायचं नाही. दिरांचा पक्ष नेमका हाच. पण ट्रान्सफॉर्मर म्हणजे लोखंडी पत्र्यांवर गुंडाळलेली तांब्याची तार. जळला तर रिवाइंड होतो. तेव्हा आत्म्यानं जायचं कुठे?

गीतेतला जीर्ण वस्त्रांचा दृष्टान्त तर सरळ मुलाच्या बाजूनं जातो. गाणं हा देही, यंत्र हे वस्त्र. विरलं की टाका. त्यानं गीता वाचलेली नाही ते बरं.

मला पटतो तो पाली ग्रंथातला बौद्ध भिक्षू नागसेन. आस म्हणजे रथ का, चाकं म्हणजे रथ का, असं विचारत तो मिलिंद राजाला निरुत्तर करतो, तेवढंच लोकांच्या लक्षात राहतं. त्याच ग्रंथातला दिवा विसरतात. पहिल्या प्रहराची ज्योत आणि शेवटच्या प्रहराची ज्योत एक नव्हे, पण वेगळीही नव्हे, कारण ती एकाच दिव्याच्या आधारानं रात्रभर जळत आली. म्हणजे 'तेच असणं' कुठल्या तुकड्यात नाही, न तुटता चालू राहण्यात आहे. इथे माझीच पंचाईत होते. आमचा रेडिओग्राम कित्येक वर्षं चादरीखाली मुका पडलेला. मधे विझलेली ज्योत पुन्हा लावली तर ती पहिली कशी म्हणायची? नागसेनाच्या हिशेबानं दुरुस्त केलेलं यंत्रही नवंच ठरतं. जुन्या लाकडातलं नवं, एवढंच.

मग निवड दोन नव्यांतली उरते, आणि तिथे मी दिरांच्या बाजूनं मत दिलं. आत्म्यासाठी नव्हे. या चासीत प्रत्येक भाग सुटा दिसतो, डाख सोडवून एकेक काढता येतो. हल्लीच्या पुष्कळ यंत्रांत एक चिप गेली की अख्खा बोर्ड जातो, आणि वॉरंटी संपल्यावर तो बोर्ड मिळेलच असं नाही.

काम दिलंय. मागच्या सॉकेटला ब्लूटूथचा रिसीव्हर जोडता येईल, असंही दुरुस्तीवाले म्हणाले. मुलाला सांगितलंय. दिरांना अजून नाही.