गणंग

मटकीला मोड आणणं म्हणजे काही मोठी विद्या नाही. सकाळी भिजत घालायची, रात्री उपसून ओल्या सुती फडक्यात घट्ट बांधायची आणि उबेला ठेवायची. उन्हाळ्यात सकाळपर्यंत पांढरे मोड फडक्यातून डोकावतात. थंडीत एक दिवस जादा लागतो. उन्हाळ्यात विसरलात तर मात्र आंबूस वास सुटतो. एवढंच शास्त्र. पण मी पुरचुंडी बांधायला घेतली की दरवेळी मला ७२ सालचं आमचं घर आठवतं.

त्या साली पाऊस आलाच नाही. आई-बाप दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचे. कामावर सुकडी मिळायची, रेशनला लाल मिलो यायचा. त्याची भाकर गिळता गिळत नसे. घरात खाण्याजोगं म्हणावं असं एकच होतं. माळ्यावर आजीचं गाडगं. त्यात राखेत घोळलेली बियाण्याची मटकी, तोंड शेणमातीनं लिंपलेलं. त्याला हात लावायचा नाही हे आम्हा पोरांनाही न सांगता ठाऊक होतं.

धाकटी बहीण तापातून उठली होती. मिलो तिच्या पोटात ठरेना. एका रात्री आईनं गाडगं फोडलं आणि मटकी भिजत घातली. भिजवलेलं पाणीसुद्धा सांडलं नाही, त्यातच उसळ शिजवायची म्हणून ठेवलं. नुसती शिजवली असती तर एका वेळेची झाली असती. मोड आणले की पसाभराची दुप्पट-अडीचपट होते, आणि आजाऱ्याला पचते, हे तिला ठाऊक होतं.

आजीला दुसऱ्या दिवशी खुंटीला टांगलेली पुरचुंडी दिसली.

"आगं, बी खाल्लंस! आता पेरशील काय, धोंडं?"

आई म्हणाली, "आत्याबाई, पोरंच न्हाई ऱ्हायली तर पेरायचं कुणासाठी?"

यावर दोघी गप्प झाल्या. कारण भांडण संपलेलंच होतं. कोरडं बी वाट बघू शकतं, वर्ष, दोन वर्षं. एकदा मोड फुटला की त्याला माघारी जाता येत नाही. दोन दिवसांत माती तरी पाहिजे नाहीतर भांडं. आणि मातीत ओल नव्हती.

उसळ झाली. आजीनं आपला वाटा धाकटीच्या ताटलीत ओतला. मग पुरचुंडीच्या फडक्यातून गणंग वेचायला बसली. गणंग म्हणजे भिजत घालूनही न भिजलेला, टणक दाणा. दाताखाली आला तर दात हलवतो. एरवी तो आम्ही फेकून द्यायचो. आजीनं ते मूठभर दाणे सावलीत वाळवले आणि लुगड्याच्या चिंधीत बांधून ठेवले. पुढच्या मिरगाला ते बाजरीच्या ओळीत टाकले. सगळे एकदम उगवले नाहीत. काही लगेच, काही महिन्याभरानं. पाच-सात वेल धरले असतील.

कोण बरोबर होतं? मी पुष्कळ वर्षं आईच्या बाजूनं होतो. समोरचं पोर सोडून पुढच्या सालाचा विचार कोण करतो? पण शेती माझ्या हातात आली तेव्हा आजीचं म्हणणं कळलं. बी हे घरातलं धान्य नसतंच. ते पुढच्या सालच्या माणसांची ठेव असते, आणि ती माणसं येऊन भांडू शकत नाहीत. त्यांच्या वतीनं कुणीतरी घरात कडक राहावं लागतं. आजी ते काम करत होती.

आईला मी म्हातारपणी विचारलं. ती म्हणाली, "चुकलंच माझं. पण परत तशी वेळ आली तर परत तसंच करीन."

चूक कबूल करायची आणि तरी ती परत करीन म्हणायचं, हे आधी मला पटलं नाही. आता वाटतं, काही वेळा दोन्ही वाटांवर कुणाचं तरी देणं बुडतं. तेव्हा निदान आपण बुडवलं हे विसरू नये. आईनं ते कधी विसरलं नाही. सुगी झाली की पहिलं गाडगं ती बियाण्याचं भरायची, आणि मग आमचं.

आता बाजारात मोड आलेली मटकी पाकिटात मिळते. मी घरीच आणतो. गणंग निघाले की ते कुंडीत टाकतो. त्यातून उसळीपुरतीही मटकी होत नाही. पण फेकवत नाही.