‘शांतता’ ह्या शब्दाचा हिशेब

एखाद्या वर्षाला ‘माझे’ म्हणण्याचा अधिकार निवेदकाला कोठून प्राप्त होतो? आत्मपर लेखनात हा प्रश्न सहसा उपस्थित होत नाही. जगलेला काळ ही जगणाऱ्याची मालमत्ता, असे आपण गृहीत धरलेले असते. २०२० ह्या वर्षाने हे गृहीतक अडचणीत आणले. ते वर्ष सर्वांवर एकाच वेळी आले, परंतु सर्वांच्या वाट्याला सारखे आले नाही.

ह्या प्रश्नाकडे मी वळलो तो माझ्याच रोजनिशीतील एका शब्दामुळे. नेरळ आणि कर्जत यांच्या मधल्या भिवपुरी रोड स्थानकाजवळ माझे घर आहे. २२ मार्च २०२० च्या मध्यरात्रीपासून मुंबईची उपनगरी सेवा थांबली. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मी लिहिले : ‘संपूर्ण शांतता.’ पुढे महिनाभर तो शब्द पुनःपुन्हा येतो; सोबत पाखरांचे आवाज आणि राहून गेलेल्या पुस्तकांची नावे. डिसेंबरच्या अखेरीस एक वाक्य आहे : ‘ह्या वर्षाने मला थांबायला शिकवले.’

आज ही संहिता वाचताना तिच्यातील पहिली चूक तथ्याची दिसते. शांतता संपूर्ण नव्हती. मालगाड्या ह्याच रुळांवरून जात होत्या. वीजनिर्मिती टाळेबंदीतून वगळलेली होती. घाटाच्या पायथ्याशी १९२२ पासून उभे असलेले टाटांचे जलविद्युतगृह आमच्या पंचक्रोशीची ओळखच आहे. माझ्या वाचनाचा दिवा इतरांच्या पाळ्यांवर जळत होता. मी शांतता ‘ऐकली’, असे म्हणण्यापेक्षा ती निवडली, असे म्हणणे अधिक बरोबर ठरेल.

दुसरी चूक नैतिक आहे. एप्रिल-मे हे करवंदांचे, जांभळांचे दिवस. ह्या भागातील ठाकूर, कातकरी स्त्रिया पाट्या भरून लोकलने शहराकडे विकायला जातात. त्या वर्षी फळ पिकले, गाडी नव्हती. आमच्याकडे दरवर्षी येणारी एक बाई तेव्हा दारी आली. मी भीतीपोटी तिला पाटी फाटकाबाहेर ठेवायला सांगितली आणि लांबून पैसे दिले. ‘गाडी कधी चालू व्हायची, काका?’ तिने विचारले. मला ठाऊक नव्हते. त्या दिवसाच्या नोंदीत तिचा प्रश्न नाही. नोंद अशी आहे : ‘करवंदे यंदा गोड.’

१५ जूनला गाड्या धावू लागल्या, त्या अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांसाठी. सर्व स्त्रियांना ठरावीक वेळांत मुभा मिळाली ती २१ ऑक्टोबरपासून. एप्रिल २०२१ मध्ये सर्वसामान्यांना पुन्हा मज्जाव झाला. म्हणजे करवंदांचा दुसरा हंगामही तसाच गेला. ‘अत्यावश्यक’ ह्या शब्दाच्या व्याख्येत ती पाटी बसत नव्हती. जिला मी ‘शांतता’ म्हणत होतो, तिला ती बाई ‘गाडी बंद’ म्हणत होती. घटना एकच, परंतु ह्या दोन शब्दांना पर्यायशब्द मानणे शक्य नाही.

‘वर्षाने शिकवले’ ह्या वाक्याचे व्याकरणही तपासले पाहिजे. त्यात वर्ष कर्ता आहे आणि मी शिष्य. ज्यांनी किंमत मोजली, ते वाक्यात कोठेच नाहीत. त्यांचे नुकसान माझ्या बोधाचे साधन तेवढे उरते. काम्यूच्या १९४७ च्या ‘प्लेग’ कादंबरीतील निवेदक डॉक्टर शेवटापर्यंत स्वतःला प्रकट करीत नाही; साथीचा वृत्तान्त तो तृतीयपुरुषात सांगतो. जो रुग्णांमध्ये वावरला, त्याला हा संयम शोभतो. मी फाटकाच्या आत होतो. माझ्यासारख्याने ‘मी’ गाळला, तर तो संयम न ठरता सुटका ठरेल.

मग मौन पाळावे काय? तेही पुरेसे नाही. मौनातून त्या बाईचा प्रश्न दुसऱ्यांदा गाळला जातो. शिवाय ती शांतता मला आवडली होती, हेही खरेच आहे; ते नाकारणे म्हणजे आणखी एक खोटी नोंद करणे होय. तेव्हा ‘माझे वर्ष’ हा शब्दप्रयोग मालकीच्या अर्थाने टिकत नाही. उत्तरदायित्वाच्या अर्थाने मात्र तो टाळता येत नाही. रोजनिशीतील एकही शब्द मी खोडलेला नाही. ‘करवंदे यंदा गोड’ ह्या ओळीखाली तिचा प्रश्न लिहून ठेवला आहे, आणि तो आपण किती उशिरा लिहीत आहोत हे कळावे म्हणून आजची तारीखही.